खाफजीची रात्र आणि पडद्यावरचे ठिपके

29 जानेवारी 1991. तिथी पौर्णिमेची. आखाती युद्ध चालू होतं. इराकने बळकावलेल्या कुवेतच्या दक्षिण टोकाला इराकच्या तिसऱ्या कोअरचे (म्हणजे अनेक डिव्हिजनच्या मोठ्या सैन्यदळाचे) रणगाडे अंधार पडल्यावर हलले. अमेरिका आणि मित्रदेशांच्या विमानांनी बॉम्बफेक सुरू करून बारा दिवस झाले होते. दिवसा रस्त्यावर निघालेली गाडी परत येईलच याचा भरवसा उरला नव्हता, म्हणून रात्र निवडली. पाचवी मेकॅनाइज्ड डिव्हिजन किनाऱ्याच्या रस्त्याने सौदी अरेबियातल्या खाफजीकडे निघाली. तिच्या पश्चिमेला पहिली मेकॅनाइज्ड आणि तिसरी आर्मर्ड डिव्हिजन. खाफजी सीमेपासून दहा-बारा किलोमीटरवर, तोफांच्या टप्प्यात. त्यामुळे सौदींनी गाव आधीच रिकामं केलं होतं. मध्यरात्रीनंतर इराकी सैनिक त्या ओस पडलेल्या गावात शिरले.

त्या काळात सौदीच्या आकाशात एक जुनं बोइंग 707 घिरट्या घालत असे. त्याच्या पोटाखाली होडीच्या आकाराचं बारा मीटर लांबीचं आवरण होतं आणि आवरणात रडारचा अँटेना. हे विमान म्हणजे ई-8ए, 'जॉइंट स्टार्स' प्रकल्पाचं. जमिनीवरच्या चालत्या गाड्या शेकडो किलोमीटरवरून टिपणं हे त्याचं काम. खाफजीच्या लढाईवर अमेरिकेत भरपूर लिहिलं गेलंय आणि बऱ्याच ठिकाणी या विमानाची गोष्ट जादूच्या दिव्यासारखी सांगितली जाते. मला ती तशी वाटत नाही. त्या दोन-तीन रात्री रडारला यश आलं ते जमीन, रस्त्यांची दिशा आणि शत्रूची निकड या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या म्हणून. त्यातली एक जरी निसटली असती तरी पडदा बराच रिकामा दिसला असता, आणि पुढे आठ वर्षांनी तसंच झालं.

अर्धवट तयार विमान

हे रडार वाळवंटासाठी बनलंच नव्हतं. 1970 च्या दशकाच्या शेवटी नाटोपुढे प्रश्न होता मध्य युरोपचा. सोव्हिएत रणगाड्यांची पहिली फळी अंगावर आली तर तिच्याशी आघाडीवर लढता येईल, पण तिच्यामागून येणाऱ्या दुसऱ्या आणि तिसऱ्या फळीचं काय? ती वाटेतच मोडायची तर आधी ती दिसायला हवी. त्यासाठी अमेरिकी हवाई दल आणि डार्पा (अमेरिकेची संरक्षण संशोधन संस्था) यांचा 'पेव्ह मूव्हर' प्रकल्प सुरू होता, आणि लष्कराचा हेलिकॉप्टरवर रडार बसवण्याचा वेगळा प्रकल्प होता. 1982 मध्ये दोन्ही एकत्र केले गेले. 1985 मध्ये ग्रुमन या विमान कंपनीला कंत्राट मिळालं, रडार नॉर्डन कंपनीचं. 1988 मध्ये पहिलं विमान उडालं.

1990 च्या शरद ऋतूत या विमानाची जर्मनीत प्रात्यक्षिकं झाली आणि तिथल्या सातव्या कोअरच्या लोकांनी ती पाहिली. त्याच कोअरला थोड्याच दिवसांत सौदीला जायचं होतं. चाचण्या पूर्ण व्हायला अजून काही वर्षं होती. तरीही दोन्ही नमुना विमानं जानेवारी 1991 च्या मध्याला रियाधला पोचली, आणि हवेत असताना यंत्रणा चालू ठेवायला कंपनीचे इंजिनिअरही सोबत उडाले. दोनच विमानं, त्यामुळे एका रात्री साधारण एक उड्डाण. युद्धभरात 49 उड्डाणं आणि पाचशेहून जास्त तास झाले. भागाकार केला तर एकेका उड्डाणाला दहा-अकरा तास पडतात. प्रयोगशाळेतून थेट रणांगणात आणलेल्या यंत्राला हा हिशेब वाईट नाही.

जमीनच पळते तेव्हा

आता मूळ अडचण. ती समजल्याशिवाय खाफजीचं महत्त्व कळत नाही.

फाटकाजवळ उभं राहिलं की येणाऱ्या गाडीची शिट्टी बारीक आणि जाणाऱ्या गाडीची जाड ऐकू येते. रडारही हेच करतं. समोरून येणाऱ्या वस्तूवरून परतलेल्या लहरीची वारंवारता थोडी वाढते, लांब जाणाऱ्या वस्तूची घटते. या फरकालाच डॉप्लर म्हणतात. हे रडार एक्स बँडचं, म्हणजे लहरीची लांबी सुमारे 3 सेंटिमीटर. रडारच्या दिशेने सेकंदाला 5 मीटर, म्हणजे ताशी 18 किलोमीटर वेगाने येणाऱ्या ट्रकमुळे 333 हर्ट्झचा फरक पडतो. तो सहज मोजता येतो. मग अडतं कुठे?

अडतं ते रडार स्वतः उडतंय म्हणून. हिशेबाच्या सोयीसाठी विमानाचा वेग सेकंदाला 200 मीटर धरू. विमानातून पाहिलं तर जमिनीवरचा एकही दगड स्थिर नाही. पुढचा दगड जवळ येतोय, मागचा लांब जातोय, फक्त बरोबर काटकोनातला तेवढा स्थिर. बीम, म्हणजे रडारच्या लहरींचा झोत, कितीही बारीक केला तरी तो रेघ होत नाही, त्याला रुंदी राहतेच. ई-8 चा अँटेना 7.3 मीटर लांब. त्यातून निघणारा बीम साधारण पाव अंश रुंद, म्हणजे 150 किलोमीटरवर सहाशे मीटरचा पट्टा. त्या पट्ट्यातल्या निव्वळ जमिनीचा प्रतिध्वनी सुमारे 55 हर्ट्झमध्ये पसरतो. वेगाच्या भाषेत ताशी तीन किलोमीटर. एवढ्या संथ हालचाली वाळूच्या प्रतिध्वनीत बुडून जातात. त्यात बीमच्या कडेने निसटणारी ऊर्जाही आहे. ती भलत्याच दिशांच्या जमिनीवर पडून भलत्याच वेगाचे प्रतिध्वनी परत आणते. रडारवाले या सगळ्या गोंगाटाला 'क्लटर' म्हणतात. आपल्या दृष्टीने तो कचरा, पण हा कचरा ट्रकच्या प्रतिध्वनीपेक्षा कितीतरी पटींनी मोठा असतो.

यावरचा उपाय मला फार देखणा वाटतो. अँटेनाचे लांबीत तीन तुकडे पाडतात. पुढच्या तुकड्याने आत्ता जमीन पाहिली. काही मिलिसेकंदांनी विमान इतकं पुढे सरकतं की मागचा तुकडा जणू त्याच जागेवर येऊन तीच जमीन पाहतो. दोन्ही प्रतिध्वनी एकमेकांतून वजा केले की जे हललं नाही ते शून्य होतं. वाळू, टेकाड, टेलिफोनचे खांब, सगळं गायब. उरतं ते फक्त मधल्या काळात हललेलं. तुकड्यांच्या मध्यांतलं अंतर 2.4 मीटर धरलं तर हा मधला काळ भरतो सुमारे 6 मिलिसेकंद (लहर पूर्ण अँटेनातून सुटते आणि तुकडे फक्त ऐकतात, म्हणून विमानाला त्याच्या अर्धंच अंतर सरकावं लागतं). चालत्या माणसापेक्षा कमी, सेकंदाला एक मीटर वेगाची वस्तूसुद्धा तेवढ्यात 6 मिलिमीटर सरकते. जाऊन-येऊन 12 मिलिमीटर. पूर्ण लहर 360 अंशांची धरली तर 30 मिलिमीटरच्या लहरीत हा फरक 144 अंशांचा होतो, म्हणजे जवळजवळ उलटच. वजाबाकीतून ती वस्तू ठळक उठून दिसते.

तिसरा तुकडा कशाला? कारण नुसतं 'काहीतरी हललं' एवढं कळून भागत नाही, कुठे हललं तेही हवं. सिंथेटिक अपर्चर रडार, म्हणजे जे विमानाच्या प्रवासाचा उपयोग करून जमिनीचं बारीक चित्र बनवतं ते, वस्तूची आडवी जागा डॉप्लरवरूनच ठरवतं. मग चालत्या वस्तूचा स्वतःचा डॉप्लर त्यात मिसळला की तिची जागा चुकते. किती चुकते? अंतर गुणिले वस्तूचा वेग, भागिले विमानाचा वेग. 150 किलोमीटरवरच्या त्या ताशी 18 च्या ट्रकसाठी उत्तर येतं पावणेचार किलोमीटर! अशा चित्रांत आगगाडी रूळ सोडून शेतातून धावताना दिसते आणि रस्ता मोकळा दिसतो. तीन तुकड्यांतल्या फेजच्या, म्हणजे लहरीच्या चढउताराच्या टप्प्याच्या, फरकावरून वस्तूची दिशा डॉप्लरला न विचारता काढता येते, आणि गाडी पुन्हा रस्त्यावर आणून ठेवता येते.

अजून एक खोच. 200 किलोमीटरवर जाऊन परत यायला लहरीला 1.33 मिलिसेकंद लागतात. एक प्रतिध्वनी परतल्यावरच पुढचा स्पंद, म्हणजे लहरींचा पुढचा छोटा झटका, सोडायचा असं ठरवलं तर सेकंदाला 750 स्पंद होतात. तेवढ्यावर जो पहिला वेग जमिनीसारखाच स्थिर भासतो तो ताशी चाळीस किलोमीटर, नेमका लष्करी ट्रकच्या ताफ्याचा. म्हणून स्पंदांची गती सतत बदलत राहावी लागते. एका गतीला आंधळा असलेला वेग दुसरीला दिसतो.

आणि एक दोष कोणत्याही हुशारीने जात नाही. रडारला कळतो तो फक्त जवळ येण्याचा किंवा लांब जाण्याचा वेग. नजरेच्या रेषेला काटकोनात जाणारी गाडी ताशी ऐंशीने धावत असली तरी रडारच्या लेखी ती उभी आहे.

29 ते 31 जानेवारी

आता खाफजीकडे. सीमेवरच्या चौक्यांत अमेरिकी मरीन होते, त्यांची गाठ इराकी चिलखती गाड्यांशी अगदी समोरासमोर पडली. तिथे रडारचं काय काम? तिथे दुर्बिणी होत्या, रात्री पाहण्याची यंत्रं होती, माणसं होती. खाफजी गावातच मरीन टेहळणीच्या दोन छोट्या तुकड्या अडकल्या आणि छपरावरून तोफांना लक्ष्य सांगत राहिल्या. या लढाईतलं सर्वात धारदार 'सेन्सर' तेच होतं असं म्हणायला हरकत नाही.

जवळचं ज्याला त्याला दिसत होतं. रियाधच्या मुख्यालयात बसलेल्यांपुढचा प्रश्न वेगळा होता. हा एक छापा आहे, की यामागे आणखी काही येतंय? आधीच आखलेली अख्खी हवाई मोहीम एका गावात शिरलेल्या एका ब्रिगेडसाठी वळवायची नसते. पण मागे दोन डिव्हिजन असतील तर वळवायलाच हवी. चौकीवरच्या मरीनला त्याच्यासमोरच्या दहा गाड्या दिसतात, चाळीस किलोमीटर मागचा रस्ता दिसत नाही. ई-8 च्या पडद्यावर तोच रस्ता दिसत होता. दक्षिण कुवेतमधून, अल-वफ्राच्या बाजूने, ठिपक्यांच्या रांगा पुढे सरकत होत्या. युरोपसाठी रचलेला 'दुसरी फळी पाहा' हा धडा इथे शब्दशः गिरवला गेला, फक्त जर्मनीतल्या फुल्डाच्या खोऱ्याऐवजी वाळूत.

हे जमलं याचं पहिलं कारण जमीन. विमान बारा किलोमीटर उंचीवर असलं तरी दोनशे किलोमीटरवरच्या जमिनीकडे त्याची नजर फार तिरपी पडते, पृथ्वीची गोलाई धरली तर तीनेक अंशांची. अशा नजरेत दहा मीटर उंच टेकाडाची सावली दोनशे मीटर लांब पडते, आणि त्या सावलीत काहीही उभं करा, रडारला पत्ता लागणार नाही. दक्षिण कुवेत मात्र ताटासारखं सपाट आहे. दुसरं कारण रस्त्यांची दिशा. कुवेत शहराकडून खाफजीकडे येणारा रस्ता उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरतो, आणि विमान सौदीच्या हद्दीतून उत्तरेकडे पाहत होतं. म्हणजे हल्ला करणाऱ्याला रडारच्या दिशेनेच यावं लागत होतं. पूर्व-पश्चिम पसरलेल्या लढाईत हाच ताफा निम्मा अदृश्य झाला असता.

आणि तिसरं कारण इराकी बाजूचं. खंदकात पुरलेला रणगाडा या रडारला दिसत नाही. तसे हजारो रणगाडे कुवेतमध्ये होते आणि चालत्या लक्ष्यांच्या पडद्यावर त्यांच्या नावाने एकही ठिपका नव्हता. सद्दाम हुसेनला मात्र जमिनीवरची लढाई लवकर सुरू करायची होती, मित्रसैन्याचं रक्त सांडायला लावायचं होतं. त्यासाठी त्याला रणगाडे खंदकाबाहेर काढावे लागले. हल्ला करायचा तर चालायला हवं, आणि चाललं की ठिपका उमटणार. रात्रीने यात काहीच फरक पडला नाही. रडारला पौर्णिमा काय आणि अमावास्या काय.

30 आणि 31 तारखेला त्या रांगांवर ए-10, हॅरियर, बी-52, तोफा बसवलेली एसी-130, जे हाताशी होतं ते सोडलं गेलं. मागची दळं खाफजीपर्यंत पोचलीच नाहीत. गावात शिरलेले इराकी सैनिक एकाकी पडले, आणि 31 जानेवारीला सौदी नॅशनल गार्ड आणि कतारच्या रणगाड्यांनी गाव परत घेतलं. त्याच पहाटे एक एसी-130 उजाडल्यावरही लक्ष्याजवळ थांबलं आणि क्षेपणास्त्राला बळी पडलं. चौदाही जण गेले.

ठिपक्याला नाव नसतं

या प्रकरणाची काळी बाजूही त्याच रात्रीची. 29 ला सीमेवरच्या चौकी क्रमांक 4 जवळ अकरा मरीन मारले गेले, आणि ते इराकी गोळ्यांनी नव्हे. चौघे एका मरीन गाडीने दुसऱ्या मरीन गाडीवर डागलेल्या टो क्षेपणास्त्राने, सात जण ए-10 विमानाच्या मॅव्हरिक क्षेपणास्त्राने. यात ई-8 चा दोष नव्हता. पण जी माणसं शत्रूला हजार-दोन हजार मीटरवरून डोळ्यांनी पाहत होती, त्यांनाही आपलं कोण आणि परकं कोण हे त्या धुमश्चक्रीत ओळखता आलं नाही. मग दीडशे किलोमीटरवरच्या ठिपक्याने ते सांगावं अशी अपेक्षा कशी करायची? ठिपका सांगतो इथे, एवढ्या वेगाने, या दिशेला. त्यापुढचं सगळं माणसाने जोडायचं.

गाडी चाकांची आहे की पट्ट्यांची, याचा अंदाज मात्र तत्त्वतः घेता येतो. रणगाड्याच्या पट्ट्याचा खालचा भाग जमिनीला टेकलेला, म्हणजे क्षणभर स्थिर असतो आणि वरचा भाग गाडीच्या दुप्पट वेगाने पुढे धावतो. त्यामुळे त्याच्या प्रतिध्वनीत वेगांचा एक रुंद पिसारा मिळतो, ट्रकच्या बाबतीत तो वेगळा असतो. पण ओळखायचं ते एवढंच. ट्रकमध्ये दारूगोळा आहे की पळणारी माणसं, हे लहरीला ठाऊक नसतं.

चार आठवड्यांनी, 25-26 फेब्रुवारीच्या रात्री, इराकी सैन्य कुवेत शहरातून मुतला टेकडीवरून बसऱ्याकडे पळू लागलं. ई-8 ने टिपलेलं त्या रात्रीचं चित्र बरंच प्रसिद्ध आहे. उत्तरेकडे जाणारे रस्ते ठिपक्यांनी इतके भरलेत की रस्ता आखायला वेगळा नकाशा लागत नाही. सकाळी तिथे जे जळून पडलेलं सापडलं त्यात रणगाडे थोडे होते आणि लुटलेल्या मोटारी, बस आणि ट्रक जास्त. पडद्यावर सगळे ठिपके सारखेच. (कुवेतचे हे रस्ते मुंबईला तसे परके नाहीत. आदल्या वर्षी, 1990 मध्ये, कुवेतमधून लाखाहून जास्त भारतीय अम्मानमार्गे विमानाने परत आले, बरेचसे मुंबईलाच उतरले. वाळवंटातून अम्मानपर्यंत आलेल्या त्यांच्या बस अशा पडद्यावर कशा दिसल्या असत्या, हा विचार मनात येतो.)

आणि स्कड क्षेपणास्त्रांची गोष्ट बरोबर उलटी. इराकच्या पश्चिम भागातले फिरते स्कड प्रक्षेपक शोधण्याचं कामही या विमानांच्या गळ्यात पडलं होतं. तिथे मोठ्या रांगा नव्हत्या. एकटी गाडी नाल्यातून किंवा पुलाखालून बाहेर येणार, क्षेपणास्त्र सोडणार, पुन्हा आत जाणार. दहा मिनिटं चालायचं आणि दिवसभर लपायचं. विमानांनी एकही फिरता प्रक्षेपक नक्की नष्ट केला, असं युद्धानंतर हवाई दलाने करवलेल्या अभ्यासाला ठामपणे दाखवता आलं नाही. तेच रडार आणि तेच चालक दल, पण शत्रूला चालण्याची निकड नव्हती.

मग कोसोवो

खाफजीनंतर प्रकल्प पुढे सरकला. सुधारलेली ई-8सी विमानं 1996 पासून दाखल झाली, एकूण सतरा. 1999 च्या वसंतात नाटोने कोसोवो प्रांताच्या प्रश्नावरून युगोस्लाव्हियावर 78 दिवस बॉम्बफेक केली, तेव्हा ही विमानं तिथेही होती. रडार पूर्वीपेक्षा चांगलं, संगणक कितीतरी वेगवान. पण जमीन डोंगराळ. तीन-चार अंशांच्या तिरप्या नजरेला एकेक डोंगर पूर्ण खोरं झाकत होता. वर झाडी, आणि 3 सेंटिमीटरची लहर पानांतून फारशी आरपार जात नाही. सर्ब सैन्याला कुठे पोचायची घाईही नव्हती. गाड्या दोन-दोन, तीन-तीनच्या गटांत, गोठ्यात, झाडाखाली, घराला टेकवून उभ्या. आणि रस्त्यांवर खरी गर्दी कोणाची? हाकलून दिलेल्या अल्बेनियन कुटुंबांची, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची. 14 एप्रिलला ज्याकोवाजवळ नाटोच्या विमानांनी निर्वासितांच्या ताफ्यावर बॉम्ब टाकले आणि कित्येक जण मेले. तो ताफा वैमानिकांना सैन्याचा वाटला होता.

मला या दोन प्रकरणांतल्या फरकाचं नवल वाटत नाही, नवल वाटतं ते याचं की खाफजीचा निकाल बऱ्याच जणांनी यंत्राच्या खात्यात जमा केला. दोन विमानं, सपाट मैदान, समोरून येणारा शत्रू आणि त्याला चालावंच लागणं, यातल्या कितीशा गोष्टी विकत आणता येतात?

शेवटची ई-8सी विमानं 2023 मध्ये निवृत्त झाली. कारणं साधी होती. 707 चे सांगाडे म्हातारे झाले होते, आणि लांब टप्प्याच्या विमानविरोधी क्षेपणास्त्रांपुढे एवढं मोठं विमान तासन्तास एका जागी घिरट्या घालत ठेवणं परवडणारं नव्हतं. आता हे काम उपग्रहांकडे नेण्याच्या मागे अमेरिका आहे. उपग्रह पाडायला कठीण, सीमा त्याला आड येत नाही. फक्त तो सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने धावतो. वरचंच गणित पुन्हा मांडून पाहा. विमानावरचा तोच 7.3 मीटरचा अँटेना उपग्रहावर बसवला, तर ताशी तीन किलोमीटरचा जमिनीचा तो पसारा ताशी एकशे दहा किलोमीटरचा होतो, आणि खाफजीच्या रस्त्यावरचा जवळजवळ प्रत्येक ट्रक त्यात बुडतो.